हैबतीची ज्वारी, बुवांची झोळी

"सगळ्या गावाच्या हातचं खाता, मग माझ्याच हातचं का नाही?"

हैबतीनं हे विचारलं तेव्हा भुजंगबुवा मठाच्या पायरीवर बसून झोळीला गाठ मारत होते. ऊन डोक्यावर यायला आलं होतं. त्यांची गावात जायची वेळ झाली होती.

गाठ पक्की बसली. मग बुवा म्हणाले, "हात बघू तुझे."

हैबतीनं हात दाखवले. बुवांनी ते उलटेसुलटे करून बघितले, घट्ट्यांवरनं अंगठा फिरवला.

"छान आहेत. राबलेले आहेत."

"मग?"

"एक काम शिकायचं राहिलंय त्यांचं."

"कुठलं ते सांगा. उद्याच्या उद्या शिकतो."

बुवा नुसते हसले. झोळी खांद्याला लावली आणि गावाच्या वाटेला लागले.

हैबतीचे कान लाल झाले. लहानपणापासनं त्याचं हे असंच. अपमान झाला, लाज वाटली, खोटं बोलला, काहीही झालं तरी आधी कान लाल व्हायचे. तोंडानं तो पुष्कळ झाकून न्यायचा, पण कान काही ऐकायचे नाहीत.

आता हा हैबती कसा, ते सांगायला पाहिजे. कामाला वाघ! चार वर्षांपूर्वी सावरखेड्याच्या या मठात आला तेव्हा मठ म्हणजे काय, तर एक समाधी, एक पडवी, एक चिंचेचं झाड आणि मागं दगडगोट्यांचा माळ. दुसरा कुणी असता तर जपमाळ ओढत बसला असता. हैबतीनं पहार घेतली. एकट्यानं विहीर खणली. गावातली टवाळ पोरं काठावर बसून विचारायची, "हैबतीकाका, पाताळात निघालाय का?" तो वर बघायचासुद्धा नाही. पाणी लागलं, तेव्हा तीच पोरं पाणी चाखायला सगळ्यांच्या आधी खाली उतरली.

मग माळावर ज्वारी झाली, वांगी झाली, मिरची झाली. पडवीत चूल पेटली. आल्यागेल्याला मठात पोटभर जेवायला मिळायला लागलं. सगळे जेवायचे. बुवा सोडून.

बुवांचा नेम होता. दुपारी झोळी घ्यायची, गावातल्या पाच दारांत उभं राहायचं, "माई, माधुकरी" एवढंच म्हणायचं. घरात जे शिजलं असेल त्यातलं जे पडेल ते घ्यायचं. मुद्दाम केलेलं नको, मुद्दाम आणलेलं नको. आणि काहीच पडलं नाही तर नदीचं पाणी प्यायचं आणि देवाचं नाव घेत पडून राहायचं. येताना झोळी नदीत एकदा बुडवायची, भाकरी भिजवायची आणि मग चिंचेखाली बसून खायची.

हैबतीनं एकदा विचारलं होतं, "बुडवायची कशाला?"

"चव जाते."

"चव घालवून काय खायचं, बुवा!"

"चवीबरोबर बाकीचंही जातं."

"बाकीचं म्हणजे?"

बुवा भाकरी चावत राहिले. दात थोडेच उरले होते, वेळ लागायचा.

खरं म्हणजे शिष्यानं गुरूसाठी माधुकरी आणायची, ही त्या मठाची जुनी रीत. भुजंगबुवांनी स्वतः त्यांच्या गुरूंसाठी तरुणपणी गावं पालथी घातलेली. हैबतीनं मात्र झोळीला एकदाही हात लावला नव्हता, आणि बुवांनीही कधी लाव म्हटलं नव्हतं. सत्तरी उलटलेला म्हातारा आपला रोज काठी टेकत जायचा.

हैबती झोळीला का शिवत नव्हता, त्याला कारण होतं. लहानपणीच आईबाप गेले आणि तो नदीपलीकडं बोरदरीला मामाकडं वाढला. एका दुष्काळाच्या साली सगळे जेवायला बसले होते. चार पाहुणेही होते. हैबतीनं भाकरीचा तुकडा मोडला, आणि मामी सगळ्यांसमोर म्हणाली, "खायला तोंड आहे मेल्याला, हात कुठं ठेवून आलाय?"

झालं. पोरगं उठलं. मोडलेला तुकडा ताटात तसाच ठेवला आणि बाहेर पडलं, ते परत त्या घरी गेलं नाही.

तेव्हापासनं हैबतीनं कुणापुढं हात पसरला नाही. घाम गाळला, मिळवलं, खाल्लं. पाणीसुद्धा कुणाकडं मागून प्यायला नाही, स्वतः शेंदून प्यायचा. आणि असा माणूस, त्याचा गुरू रोज दारोदार उभा राहतोय हे बघत होता.  चावडीवर कुणी तरी म्हणायचंच, "शिष्य पोती भरतोय आणि गुरू झोळी हलवतोय, काय तरी उलटंच आहे बाबा या मठाचं." ते ऐकलं की हैबतीला जेवण जायचं नाही.

एकदा त्याला राहवलं नाही.

"बुवा, देव देतो, देव देतो म्हणता. विहीर मी खणली. ज्वारी मी पेरली. चूल मी मांडली. देवानं काय दिलं हो?"

"भूक," बुवा म्हणाले.

हैबतीनं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "हे काय देणं झालं?"

बुवा म्हणाले, "तुझ्या विहिरीचं पाणी गोड आहे. एक तांब्या आण."

असल्या माणसाशी वाद तरी काय घालायचा!

मग ते साल आलं. सावरखेड्याच्या रानात ज्वारी निसवायला लागली आणि पाऊस गेला तो गेलाच. गावाची कणसं भरलीच नाहीत. मठाची मात्र विहिरीवर तगली. खळं झालं तेव्हा पडवीत पोत्यांची थप्पी लागली, आणि गावात घराघरांतल्या कणग्यांचा तळ दिसायला लागला.

हैबतीनं ज्वारी वाटली. हे त्याचं चांगलंच म्हणायचं, नाही कोण म्हणतो? घर सोडलं नाही. स्वतः पोतं पाठीवर घेऊन दारात टाकायचा. बायामाणसं डोळे पुसायची, म्हातारे हात जोडायचे. हैबती म्हणायचा, "असू द्या, असू द्या." पण त्याला ते हात जोडलेले आवडायला लागले, हेही खरं. पुढं पुढं ज्या घरानं हात जोडले नाहीत, ते त्याच्या ध्यानात राहायला लागलं. एकदा पारावर बसून तो बोलूनही गेला, "माझा दाणा पोचला नाही असं एक घर या गावात दाखवा, मिशी उतरवून देतो."

आणि बुवांच्या पाच घरांत तो जरा जास्तीची पोती टाकायचा. आवाज खाली आणून सांगायचा, "बुवांची भाकरी यातलीच करा. पण त्यांना कळू द्यायचं नाही."

काय डोकं चालवलंय बघा! म्हणजे गुरू मागणार गावाकडं, पण खाणार हैबतीचं. गावाचे उपकार नाहीत, काही नाही. वरनं दिसायला भिक्षा आणि आतनं सगळं आपल्या घामाचं.

त्यानंतर रोज दुपारी हैबती विहिरीवर काही तरी काम काढून बसायचा आणि चिंचेखाली बुवा भाकरी खाताना बघायचा. एकेक घास खाली उतरला की त्याच्या जिवाला थंड वाटायचं. खातायत. माझ्या हातचं खातायत शेवटी...

बुवा खात होते. पण आताशा ते जरा सावकाश खातात, एवढं हैबतीच्या लक्षात आलं होतं. वय झालं, असं त्यानं मनाला सांगितलं.

एक दिवस त्याला वाटलं, आपली युक्ती दारात कशी चालते ते एकदा डोळ्यांनी बघावं. बुवांच्या मागं अंतर ठेवून तो गावात गेला आणि अनसाबाईच्या घरासमोरच्या पारामागं उभा राहिला. अनसाबाईचं घर हे बुवांचं पहिलं घर. पूर्वी बुवांची हाक आली की ही बाई पदर सावरत धावत यायची, भाकरी झोळीत घालून उंबऱ्याला डोकं टेकायची.

बुवा म्हणाले, "माई, माधुकरी."

आतनं आवाज आला, "थांबा बुवा, आणते."

अनसाबाई आली. एका हातानं भाकरी झोळीत टाकली, दुसऱ्या हातात केरसुणी होती. आणि वळता वळता अगदी सहज म्हणाली, "बुवा, पोतं तळाला आलंय बरं का. हैबतीभाऊंना तेवढं सांगा. नाही तर तुमच्या भाकरीची पंचाईत होईल."

पारामागं हैबतीचे कान पेटले.

बुवा क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी झोळीत हात घातला, भाकरी काढली आणि दोन्ही हातांनी अनसाबाईच्या पुढं धरली.

"ही ठेव माय. ही मठाची आहे."

"अगं बाई! माझ्या तोंडाला कुणी झाकण घालील का!" अनसाबाईला कळलं आपण काय बोलून बसलो ते. "बुवा, अहो, भाकरी मीच थापलीये..."

"छान थापलीयेस. पोरांना घाल."

बुवा पुढच्या दारात गेले. तिथं उभे राहिले. तिथनं तिसऱ्या. पाचही दारांत उभे राहिले आणि सगळीकडनं रिकामी झोळी घेऊन परत फिरले. नदीवर आल्यावर ती रिकामी झोळीच त्यांनी पाण्यात बुडवली, पिळली आणि चिंचेखाली येऊन आडवे झाले.

हैबती धावत आला. "बुवा, जेवलात?"

"आज पडलं नाही."

"पडलं नाही कसं? मी बघितलं की. तुम्हीच परत केलीत."

बुवांनी डोळे उघडून त्याच्याकडं बघितलं. कुठनं बघितलंस, असं विचारलं नाही.

"ज्वारी काय माझी, काय त्यांची! दाणा तो दाणाच ना, बुवा?"

"हो की."

"मग खा ना!"

"मला माधुकरीच तेवढी खाता येते रे," बुवा म्हणाले. "दुसरं काही खायला शिकलोच नाही."

दुसऱ्या दिवशीही बुवा गेले आणि तसेच आले. नंतरच्या दिवशी दुसऱ्या आळीत जाऊन बघितलं. तिथं बायांनी आपण होऊन माना खाली घातल्या. कुणाच्या चुलीवर दुसरं होतंच काय? गावात घर उरलं नव्हतं. हैबतीची मिशी शाबूत राहिली होती, आणि म्हातारा उपाशी होता.

गाव हवालदिल झालं. अनसाबाई मठात येऊन रडून गेली. कुणी म्हणालं, तालुक्याला माणूस पाठवून दाणे आणतो. बुवा म्हणाले, "माझ्यासाठी आणलेलं नको बाबांनो. घरात असेल त्यातलं." ते चिडले नव्हते, रुसले नव्हते. आवाज तेवढा बारीक झाला होता.

हैबतीनंही चूल पेटवली नव्हती. थप्पी लावलेल्या पोत्यांकडं त्याला बघवत नव्हतं. त्या दिवसांत कुणी एका शब्दानं त्याला बोललं नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

मग एका दुपारी बुवा गावात जायला निघाले, आणि त्यांना उठवेना. काठी धरली, अर्धे झाले, परत बसले. पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग हसून म्हणाले, "आज देवानं सुट्टी दिली."

हैबती बघत होता. म्हातारा जातो आता. आणि आपण घालवतोय त्याला... पोती वाटून.

"मी जातो," तो म्हणाला. "पलीकडं बोरदरीला. तिथं माझा दाणा गेलेला नाही."

"कशाला जातोस?"

"तुमच्यासाठी आणायला."

"आणशील..." बुवा म्हणाले. "आणि मागशील?"

हैबतीनं विहिरीकडं मान वळवली. विहिरीवर कबुतरं घुमत होती.

"मागीन," तो म्हणाला.

बुवांनी झोळी उशाखालनं काढून त्याच्या हातात दिली.

पण हैबती तो हैबतीच. नदीकडं जाताना वाटेत मळा लागला, आणि त्यानं सात-आठ चांगली ताजी वांगी तोडून झोळीत टाकली. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात उभं राहायचं, ही कल्पनाच त्याला सहन होईना.

बोरदरीत दुपारची सामसूम होती. माणसं रानात गेलेली, बरीच दारं लोटलेली. एका अंगणात एक बाई भांडी घासत होती. हैबती कुडापाशी उभा राहिला. तोंड उघडलं. शब्द आला नाही. म्हणून त्यानं झोळीतनं वांगी काढली आणि पुढं केली.

"बाई, ही वांगी घ्या. आणि... एक भाकरी द्या."

बाईनं त्याला वरपासनं खालपर्यंत न्याहाळलं. खांद्याला झोळी, हातात वांगी.

"म्हाराज, माधुकरी मागताय का बाजार मांडलाय?"

"तसं नव्हे..."

"वांगी माझ्या परड्यात बी हायत. भाकरी पायजे तर मागा की नीट माणसासारखी. मी काय न्हाई म्हनतेय?"

एवढंच म्हणायचं होतं. 'माई, माधुकरी.' दोन शब्द. बुवा रोज म्हणतात. हैबतीच्या घशात ते असे अडकले की त्याला ठसकाच लागला. तो तसाच वळला आणि चालायला लागला. मागं ती बाई स्वतःशीच हसत होती. कोपऱ्यावर एका पडक्या भिंतीवर त्यानं वांगी ठेवून दिली. एक शेळी आली आणि त्याच्या डोळ्यांदेखत खायला लागली.

पुढं कुठं जायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं. पाय नेतील तिकडं गेला, आणि पायांना त्या गावात एकच वाट पाठ होती. मान वर केली तेव्हा समोर मामाचं घर. दारात एक म्हातारी पाय पसरून शेंगा फोडत बसली होती.

मामी.

मामा गेल्याचं त्याला कळलं होतं. तेव्हाही तो आला नव्हता.

इथनं सरळ पुढं निघून जावं, तिला कुठं दिसतंय, असं त्याच्या मनात आलं. एक पाऊल टाकलंसुद्धा. पण काठीवर अर्धे उठून परत बसलेले बुवा त्याच्या डोळ्यांपुढनं हलेनात.

"माई..." तो म्हणाला. "माई, माधुकरी."

"कोन हाय? मोठ्यानं बोल, ऐकू कमी येतंय मला."

आता झालं का!

"माधुकरी!" हैबती ओरडला. गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. भांडी घासणाऱ्या त्या बाईनंही ऐकलं असणार.

म्हातारीनं कपाळावर हात धरून बघितलं. "जरा उनात ये. हितं, हितं ये..." ती बराच वेळ बघत राहिली. "कान लाल झाल्यात... हैबत्या? हैबत्याच न्हव्हं तू?"

हैबतीनं मान खाली घातली.

"मेल्या, आत ये की! बाहीर काय उभा ऱ्हायलास?"

"नाही मामी. भिक्षेला आलोय. माझे गुरू उपाशी आहेत. त्यांच्यासाठी..."

"आन् तू?"

"माझं सोड."

"जेवलास?"

"...हो."

"कान बघ तुझं!" म्हातारी म्हणाली. "गूळ चोरून खाल्लास की आस्संच व्हायचं." मग तिचा आवाज खाली आला. "गुरूसाठी मागतोस. आन् सोतासाठी तोंड उघडायला अजून लाज वाटती व्हय रं तुला?"

 ऊन पाठीवर होतं. आतनं, घरातनं, भाजलेल्या भाकरीचा वास येत होता. पोटात तुटत होतं आणि त्याला एकदम वाटलं, की आपण आताच्या आता इथं मातीत बसणार.

"भूक लागलीय, मामी," तो म्हणाला.

पन्नाशीच्या माणसाला ते शब्द नवे होते. ते बाहेर पडले आणि मागोमाग रडू बाहेर पडलं, तेही पोराटोरासारखं, नाक पुसत. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्यानं दोन्ही हातांनी झोळी उघडून धरली होती.

म्हातारी भिंतीला धरून उठली. आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात दोन भाकऱ्या होत्या, वर लसणीची चटणी. तिनं त्या झोळीत घातल्या. घालून झाल्यावरही झोळीची कड तिनं सोडली नाही.

"त्या दिवशी..." ती म्हणाली.

"मामी, ते राहू दे."

"ऱ्हाऊ कसं दे? घरात किती भाकरी हुत्या म्हाईत हाय का तुला? पाव्हन्यांना घातल्या, मामाला घातली आन् उरली ती तुझ्या ताटात घातली. मी चुलीपुढं नुसती बसले हुते, जेवून घेतल्यागत तोंड पुशीत. पोट जळत हुतं रं माझं. ते तोंडावाटं भाईर पडलं."

हैबती तिच्याकडं बघत राहिला.

"तू उठलास. ती भाकरी तशीच ऱ्हायली ताटात. मला खाववंना, तुझ्या मामाला खाववंना. शेवटी गाईला घातली. त्या दुष्काळात!" म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. "तोंड माझं कडू हुतं रं हैबत्या. भाकरी कडू नव्हती."

ती भाकरी कुणाच्या वाटणीची, हे त्यानं एवढ्या वर्षांत एकदाही मनाला विचारलं नव्हतं. मामीचे शब्द तेवढे त्यानं जपून ठेवले होते, रोज काढून पुसून परत ठेवले होते. हैबती खाली वाकला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याला उठावंसं वाटेना.

"ऊठ, ऊठ. म्हातारा वाट बगत आसंल," मामी म्हणाली. "आन् ऐक. त्यातली एक तुझी हाय. तीबी गुरूला घालून मोटेपना करू नगंस."

हैबती नदीवर आला तेव्हा पाण्यावर ऊन चकाकत होतं. घाईनं तो अर्ध्यापर्यंत गेला आणि मग थांबला. हाच प्रकार त्यानं बुवांना रोज करताना पाहिला होता, आणि मनात हसला होता. त्यानं झोळी खाली सोडली. पाणी आत शिरलं. चटणीचा तांबडा रंग थोडा वेळ झोळीभोवती राहिला आणि प्रवाहाबरोबर निघून गेला. झोळी बाहेर काढली तरी तो तसाच पाण्यात उभा होता. मग बुवांची आठवण झाली आणि तो पळत सुटला.

बुवा चिंचेखाली होते. त्यांनी डोळे उघडले.

"बुवा, भिक्षा."

बुवा खोडाला टेकून बसले. त्यांनी गळणाऱ्या झोळीकडं बघितलं, मग हैबतीच्या तोंडाकडं बघितलं. कुठली, कुणाची, काही विचारलं नाही. उजवा हात पुढं केला.

हा हात आपल्यापुढं यावा म्हणून हैबतीनं काय काय केलं होतं! विहीर खणली होती. ज्वारी पिकवली होती. पोती वाहिली होती. आणि आता हात समोर होता, आणि त्याला वाढता येईना.

त्यानं झोळी बुवांच्या पुढ्यात ठेवली.

"तुम्हीच घ्या, बुवा. मी कुठल्या तोंडानं वाढू? पोत्यानं वाढत होतो इतके दिवस, आणि तुम्हाला उपाशी पाडलं..."

बुवांचा हात तसाच होता. तो मागं जात नव्हता.

"बुवा, यातलं काही माझं नाही हो." हैबतीनं झोळीकडं बोट दाखवलं. "भाकरी मामीची आहे. पीठ तिचं, जाळण तिचं. मी नुसता दारात उभा राहिलो, रडलो. माझा यात एक दाणा नाही. माझ्या हातचं कसं म्हणू मी हे?"

"म्हणूनच तर हात पुढं केलाय," भुजंगबुवा म्हणाले. "वाढ."